सिंहातली वाकडी दीर्घिका : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकाच्या मलपृष्ठावर आम्ही सिंह तारकासमूहातल्या एम ६६ या सर्पिल दीर्घिकेचं (भोवऱ्यासारख्या वळलेल्या, अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाचं) छायाचित्र छापलं आणि खाली 'शेजाऱ्यांनी ओढून वाकडी केलेली' एवढंच लिहिलं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : 'वाकडी' म्हणजे नक्की काय वाकडं? मला तर छायाचित्रात छान वळलेल्या भुजा दिसतात. (रत्नागिरी)

छायाचित्रावर बटर पेपर ठेवा आणि पेन्सिलीने फक्त भुजा गिरवा. मग तेजस्वी गाभ्याच्या मधोमध टाचणी टोचून कागद अर्धा फेरा फिरवा. नीटनेटकी दोन भुजांची सर्पिल दीर्घिका असेल तर एक भुजा दुसरीच्या जागी साधारण बसते. एम ६६ची बसत नाही. एक भुजा गाभ्याभोवती आवळलेली आहे, दुसरी सैल सुटून बाहेर गेली आहे. तबकडीच्या कडा चारी बाजूंनी मोजल्या तर गाभा मधोमध नसून सरकलेला वाटतो. भुजा तबकडीच्या पातळीत पडून राहण्याऐवजी तिच्यावर चढल्यासारख्या दिसतात. तारे आणि वायूचा एक जाड दांडा गाभ्यातून आरपार जातो. त्याच्या दोन्ही टोकांशी भुजा सुरू होतात आणि तिथेच गुलाबी ठिपक्यांची गर्दी आहे. वायू तिथे तुंबतो आणि त्यातून नवे तारे जन्मतात.

हा वाकडेपणा नोंदवला गेला त्याला बरीच वर्षं झाली. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये चमत्कारिक दीर्घिकांचा ॲटलास काढला. त्यातली बरीच छायाचित्रं पालोमार वेधशाळेच्या ५ मीटर दुर्बिणीतून घेतलेली होती. एकूण ३३८ नोंदींपैकी १६ वी एकट्या एम ६६ची आहे आणि ३१७ वी तिच्यासह तिच्या दोन शेजारणींची. (हेच आर्प पुढे महाविस्फोटाच्या सिद्धांतावर शंका घेणाऱ्यांत गेले आणि जयंत नारळीकरांबरोबर त्यांनी शोधनिबंधही लिहिले. त्या वादात आर्प यांची बाजू टिकली नाही, पण ॲटलास आजही रोजच्या वापरात आहे.)

प्रश्न : शेजारणी कोण? आणि इतक्या लांबून एक दीर्घिका दुसरीला ओढते तरी कशी? (सातारा, ठाणे)

शेजारणी दोन आहेत, एम ६५ आणि एनजीसी ३६२८ (एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंची एक मोठी यादी). तिघींना मिळून सिंहातलं त्रिकूट म्हणतात. एम ६५ आणि एम ६६ची नोंद धूमकेतू शोधणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसिए यांनी १७८० च्या मार्चमध्ये केली ('एम' म्हणजे त्यांच्या यादीतला क्रमांक). त्याआधी नोव्हेंबर १७७३ मध्ये त्यांचाच एक धूमकेतू या दोघींच्या मधून गेला होता, पण त्याच्या उजेडात दोघीही त्यांच्या नजरेतून सुटल्या. एनजीसी ३६२८ जास्त फिकट असल्यामुळे ती मेसिएंच्या यादीत नाही. १७८४ मध्ये विल्यम हर्शेल यांनी ती शोधली.

आता अंतरांचा हिशोब. त्रिकूट आपल्यापासून सुमारे साडेतीन कोटी प्रकाशवर्षांवर आहे. आकाशात एम ६६ची लांबी ९ कला भरते (एका अंशात ६० कला), म्हणजे प्रत्यक्षात नव्वद हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. एम ६५ तिच्यापासून २० कलांवर आहे, म्हणजे दोन लाख प्रकाशवर्षं. एनजीसी ३६२८ आहे ३५ कलांवर, म्हणजे साडेतीन लाख. याउलट आपल्या आकाशगंगेची मोठी शेजारीण देवयानी २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. सिंहातल्या या तिघी एका वाड्यात राहतात म्हणा ना. अर्थात हे आकाशाच्या पडद्यावरचं आडवं अंतर झालं, खोलीतला फरक त्यात येत नाही.

नुसत्या ओढीने दीर्घिका वाकडी होत नाही. सगळ्या ताऱ्यांवर सारखीच ओढ बसली तर दीर्घिका अख्खी सरकेल, तिचा आकार बदलणार नाही. आकार बिघडतो तो ओढीतल्या फरकामुळे. जवळच्या कडेवर ओढ जास्त, गाभ्यावर मध्यम, पलीकडच्या कडेवर कमी. त्यामुळे जवळची कड पुढे ताणली जाते आणि पलीकडची मागे राहते. समुद्राला दोन बाजूंनी भरती येते त्याचं कारणही हेच. हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर निम्मं केलं की परिणाम आठपट होतो. म्हणून खरी तोडफोड अगदी जवळून जाताना, थोड्याच काळात होते, आणि नंतर कोट्यवधी वर्षं तिच्या खुणा उरतात. पाहुणी दीर्घिका ज्या दिशेने जाते त्याच दिशेने तबकडी फिरत असेल तर कडेचे तारे बराच वेळ तिच्या सोबत राहतात आणि त्यांची लांब शेपटी निघते. उलट दिशेने फिरत असतील तर ओढ लगेच सुटते आणि नुकसान कमी होतं. १९७२ मध्ये ॲलर आणि यूरी टूमरे या भावांनी संगणकावर काही ठिपके फिरवून हे दाखवलं. तोवर अशा शेपट्यांचं कारण गुरुत्वाकर्षण असेल हे अनेकांना पटत नव्हतं.

या त्रिकुटात शेपटी एनजीसी ३६२८ला आहे आणि ती सुमारे तीन लाख प्रकाशवर्षं लांब आहे. एनजीसी ३६२८ आपल्याला कडेवरून दिसते. मधून काळा धूळपट्टा जातो आणि दोन्ही टोकं फुगून पसरली आहेत. इंग्रजीत तिला हॅम्बर्गर म्हणतात. आपण वडापाव म्हणायला हरकत नाही, चटणीचा थर तर स्पष्टच दिसतो. एनजीसी ३६२८ आणि एम ६६ पूर्वी एकमेकींच्या फार जवळून गेल्या, असं संगणकावरच्या प्रतिकृती सांगतात. एम ६५ मात्र बरीच शांत दिसते, या झटापटीत ती फारशी सापडलेली नाही.

एक गैरसमज दोन पत्रांत आला आहे, तोही इथेच दूर करू. अशा भेटीत तारे ताऱ्यांवर आदळत नाहीत, त्यांच्यामध्ये जागा प्रचंड असते. आदळतात ते वायूचे ढग. ते दाबले गेले की नवे तारे बनतात. मलपृष्ठावर तुम्ही पाहिलेले गुलाबी ठिपके तेच.

प्रश्न : माझी रास सिंह आहे. ही दीर्घिका सिंह राशीत आहे म्हणजे मघा नक्षत्राजवळ आहे का? (सोलापूर)

दिशेने जवळ, अंतराने मुळीच नाही. मघा ७९ प्रकाशवर्षांवर आहे आणि उत्तरा फाल्गुनीचा ठळक तारा ३६ वर. एम ६६ साडेतीन कोटींवर. खिडकीच्या गजावर बसलेली माशी आणि तिच्यामागे दिसणारा डोंगर, असा हा प्रकार. शिवाय खगोलशास्त्रात 'सिंह' म्हणजे १९३० मध्ये आखलेल्या ८८ तुकड्यांपैकी एक तुकडा, ९४७ चौरस अंशांचा. त्या हद्दीत पडतं ते सगळं सिंहातलं. पंचांगातली ३० अंशांची सिंह रास निराळी आहे. तिच्या सीमा या तुकड्याशी जुळत नाहीत. तुमच्या पत्रिकेशी एम ६६चा संबंध नाही.

प्रश्न : ६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची) दुर्बीण घेतली आहे, मोटर नाही. तीन रात्री शोधूनही काही सापडलं नाही. (अहिल्यानगर, कोल्हापूर, मडगाव)

आधी तारखा. होळीच्या रात्री जाऊ नका. फाल्गुन महिन्याला नाव मिळालं ते पौर्णिमेचा चंद्र फाल्गुनी नक्षत्रांशी असतो म्हणून, आणि त्रिकूट नेमकं तिथेच आहे. त्याऐवजी फाल्गुनातल्या अमावास्येच्या, म्हणजे पाडव्याच्या आधीच्या चार-पाच रात्री धरा. चैत्री अमावास्याही चालते. त्यानंतर हवेत धूळ वाढते.

जागा योग्य आहे का, याची परीक्षा सोपी आहे. मघेचा विळा ओळखा. त्याच्या पूर्वेला तीन ताऱ्यांचा काटकोन त्रिकोण दिसेल. त्रिकोणाच्या टोकाला एकटा तारा आहे ती उत्तरा फाल्गुनी, उरलेले दोन पूर्वा फाल्गुनीचे. त्या दोघांतला दक्षिणेचा थीटा, प्रत ३.३ (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा फिका). उत्तरेकडच्या ताऱ्यापासून थीटापर्यंत पाच अंश भरतात. जवळपास तेवढंच अंतर दक्षिणेकडे, जरासं पूर्वेला झुकून गेलं की चौथ्या प्रतीचा इओटा लागतो. इओटा नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर दुर्बीण काढायची गरज नाही, जागा बदला. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून तो क्वचितच दिसतो.

थीटा आणि इओटा यांच्या साधारण मधोमध त्रिकूट आहे. पण मोकळ्या आकाशात अंदाजाने चाचपडत बसू नका. थीटाच्या दक्षिणेला दोन अंशांवर, किंचित पूर्वेला, ७३ लिओनिस हा ५.३ प्रतीचा तारा आहे. फाइंडरमध्ये (दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीत) तो सहज दिसतो. तो दुर्बिणीच्या मध्यावर आणा. नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) २५ मिलिमीटरची लावा. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ती ४८ पट देते आणि आकाशाचा सुमारे एक अंश दाखवते.

आता दुर्बिणीला हात लावू नका. ७३ लिओनिस सरकत बाहेर जाईल, जाऊ द्या. पृथ्वी फिरते आहे, ती काम करेल. घड्याळात बरोबर तीन मिनिटं झाली की एम ६५ मध्याच्या थोडी दक्षिणेला येते. सव्वाचार-साडेचार मिनिटांनी एम ६६ मध्याच्या दक्षिणेला १९ कलांवर आणि एनजीसी ३६२८ उत्तरेला १७ कलांवर असते. त्या वेळी तिघी एकाच वर्तुळात मावतात. मधल्या वेळात कुणी दुर्बिणीला धक्का दिला तर पुन्हा ७३ लिओनिसपासून सुरुवात करा.

तीन रात्री का वाया गेल्या असतील, याचा आमचा अंदाज असा. या तिघींची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उत्तर १३ अंश आणि आपले अक्षांश १५ ते २२. त्यामुळे त्या आकाशाच्या मध्यावर, म्हणजे पूर्व-पश्चिम प्रवासातल्या सर्वात उंच जागी, येतात तेव्हा जवळजवळ डोक्यावर असतात. पुण्यातून साडेचौऱ्याऐंशी अंश उंचीवर, गोव्यातून त्याहूनही वर. पुस्तकं सांगतात की वस्तू सर्वात उंच असताना पाहा, आणि युरोपात ते बरोबरच आहे. पण डॉब्सोनियन खमध्याजवळ, म्हणजे थेट डोक्यावर, नीट फिरवता येत नाही. नळी उभी असली की बैठक गोल फिरवून काही होत नाही, ती ढकलावी लागते आणि ठिकाण निसटतं. सरळ फाइंडरमध्ये पाहायला जमिनीवर पाठ टेकवावी लागते, ते वेगळंच. त्यामुळे मध्यावर येण्याच्या दोन तास आधी किंवा नंतर पाहा. तेव्हा उंची ६० अंश असते आणि हवेने फारसा फरक पडत नाही. एप्रिलच्या मध्यावर मध्याची वेळ रात्री साडेदहाच्या सुमाराची, म्हणजे साडेआठला किंवा साडेबाराला बसा. मार्चच्या मध्यावर हेच सगळं दोन तास उशिरा होतं.

प्रश्न : सापडली, पण राखाडी डागच दिसतो. दुर्बीण सदोष आहे का? दुकानदार फिल्टर घ्या म्हणतो. (नाशिक)

दुर्बीण चांगली आहे. फिल्टर घेऊ नका. हे फिल्टर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात आणि बाकीचा अडवतात. म्हणून ते वायूच्या तेजोमेघांना उपयोगी पडतात. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा असतो, सगळ्या रंगांचा. फिल्टर शहराच्या उजेडाबरोबर दीर्घिकेलाही कापतो. तेच पैसे पेट्रोलला वापरा आणि अंधारात जा. जवळच्यांना माळशेज किंवा भंडारदरा आहे, विदर्भात पेंच, जिथल्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ही मान्यता मिळाली.

डाग 'वाचायला' वेळ लागतो. अंधारात वीस ते तीस मिनिटं बसा. मोबाइल एकदा जरी पाहिला तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. डोक्यावर काळं कापड घ्या म्हणजे बाजूचा उजेड येणार नाही. दीर्घिकेकडे थेट न पाहता नजर थोडी बाजूला ठेवा. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यात नसतात, भोवताली असतात. नळीला बोटाने हलकी टिचकी मारली की फिकट कडा एकदम जाणवतात, कारण नजर हालचाल लवकर पकडते.

मग १० मिलिमीटरची नेत्रिका लावा, म्हणजे १२० पट. एम ६५ आणि एम ६६ दोघी उत्तर-दक्षिण लांबट आहेत. त्यांची तुलना करा, वाकडेपणा तिथेच कळतो. एम ६५ चातीसारखी दोन्ही बाजूंनी सारखी निमुळती. एम ६६चा गाभा जास्त तेजस्वी, पण भोवतालचं धुकं एकसारखं नाही, एका बाजूला ओघळल्यासारखं. ६ इंचीत एवढं मिळालं तर खूप झालं. भुजेचा तुकडा सुटा दिसायला ८ ते १० इंची दुर्बीण आणि खरा काळोख लागतो. एनजीसी ३६२८ सर्वात शेवटी उमटते, पूर्व-पश्चिम आडवी रेघ म्हणून. तिचा एकूण प्रकाश तसा कमी नाही, पण तो लांब पसरलेला असल्यामुळे प्रत वाचून फसगत होते.

आणि १०×५० द्विनेत्री असेल तर ती तिपाईवर बसवूनही पाहा. थीटा आणि इओटा एकाच वर्तुळात मावतात आणि एम ६५ आणि एम ६६ दोन फिकट ठिपक्यांसारख्या दिसतात.

प्रश्न : डीएसएलआर आणि २०० मिलिमीटर लेन्सने फोटो येईल का? (पुणे, वर्धा)

येईल, पण लहान. चार मायक्रॉनच्या पिक्सेलला २०० मिलिमीटरवर आकाशाच्या ४ विकला येतात (एका कलेत ६० विकला). एम ६६ म्हणजे ५४० विकला, फोटोत जेमतेम १३० पिक्सेल. तीन डाग आणि त्यांच्या दिशा कळतील, एम ६६चा तिरपेपणाही कळेल. भुजा हव्या असतील तर ६०० मिलिमीटरकडे जा.

ट्रॅकरशिवाय (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राशिवाय) दीड सेकंदापुढे तारे लांबतात. ट्रॅकर असेल तर एफ/४, आयएसओ ८०० ते १६००, एकेक मिनिटाचे १२० फोटो घ्या आणि एकत्र रचा. झाकण लावून वीस-तीस डार्क, म्हणजे काळे फोटो, घ्या. फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठाचे फोटो, टाळू नका. लेन्सच्या कडेचा अंधार फ्लॅटशिवाय जात नाही आणि तो ताणलेल्या फोटोत दीर्घिकेच्या शेपटीसारखा दिसतो. खरी शेपटी अनेक तासांच्या प्रकाशानंतर आणि काळोख्या जागीच येते. दोन तासांत 'शेपटी' आली तर आधी फ्लॅट तपासा.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावावा लागतो आणि आपल्याकडची अडचण त्या ध्रुवाचीच. तो पुण्यातून क्षितिजावर फक्त साडेअठरा अंश, आणि डोंगरात जागा निवडताना उत्तर झाकली जाते हे कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसा होकायंत्र लावून उत्तर मोकळी आहे ना ते पाहून घ्या.

हल्लीच्या आपोआप नेम धरणाऱ्या लहान दुर्बिणींची अडचण वेगळी. त्या उभ्या-आडव्या अक्षांवर फिरतात, त्यामुळे फोटोची चौकट आकाशाच्या तुलनेत फिरत राहते. त्रिकूट मध्यावर, साडेचौऱ्याऐंशी अंशांवर असताना हा वेग मिनिटाला सुमारे अडीच अंश होतो. ३० सेकंदांच्या एका फोटोत २४ मेगापिक्सेलच्या चौकटीच्या कोपऱ्यातले तारे सत्तरहून अधिक पिक्सेल ओढले जातात. दोन तास अलीकडे-पलीकडे हाच वेग जवळपास चाळीसपट कमी असतो.

गुलाबी ठिपके साध्या कॅमेऱ्यात फिके येतात. सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा खाते. प्रक्रिया करताना लाल रंग ताणून ते 'आणू' नका, गाभाही लाल होतो.

प्रश्न : माझ्या फोटोत एम ६६च्या भुजेवर एक तारा जास्तीचा आहे. सुपरनोव्हा असू शकतो का? (नागपूर)

असू शकतो. सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट. १९७३ पासून या दीर्घिकेत असे स्फोट अनेकदा सापडले आहेत. १९८९ चा तर बाराव्या प्रतीपर्यंत गेला होता आणि अंतर मोजायच्या कामी आला. हबल दुर्बिणीने एम ६६मधले सेफीड जातीचे (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारे) तारे मोजून अंतर काढलं आणि त्यावरून त्या प्रकारच्या स्फोटांची खरी तेजस्विता पक्की केली. १९९७ चा मात्र खरा सुपरनोव्हा नव्हता, ताऱ्याचा मोठा उद्रेक असावा असं मानतात.

तरी आनंद तासभर आवरा. सिंह राशीतून सूर्याचा मार्ग जातो आणि लघुग्रह त्याच मार्गाच्या आसपास फिरतात. एम ६६ त्या मार्गापासून जेमतेम आठ अंशांवर आहे. मार्चमध्ये त्या भागातला लघुग्रह तासाला साधारण ३० विकला सरकतो. २०० मिलिमीटर लेन्सवर ते सात-आठ पिक्सेल होतात. म्हणून तासाभराने, त्याच चौकटीत, आणखी दहा फोटो घ्या आणि ठिपका जागेवर आहे का ते पाहा. दोन्ही वेळी एकाच पिक्सेलवर असेल आणि बाकीचे तारे थोडे सरकलेले असतील, तर तो सेन्सरचा गरम पिक्सेल समजा. ताऱ्यांबरोबर तंतोतंत राहिला तर गेल्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून पाहा, आणि तिथेही तो नसेल तर मूळ फाइल, वेळ आणि कॅमेऱ्याचं मॉडेल लिहून त्याच रात्री कळवा.